गुणगुणणारी पेटी आणि गिरधरची खुर्ची

गिरधरला कोणी नाव विचारलं तर तो सरळ नाव सांगत नाही, ही भागाबाईची पहिली तक्रार. आधी मफलर सारखा करतो, बाहेर चैत्राचं ऊन रणरणत असलं तरी. मग डोळे बारीक करून म्हणतो, “तापीच्या दोन्ही काठांवर ज्याच्या नजरेतून मुंगी सुटत नाही, तो मी.” मुंगीचं भागाबाईला ठाऊक नाही. ह्याचा चष्मा मात्र रोज सकाळी तिलाच शोधून द्यावा लागतो, आणि तो मफलरातच सापडतो.

गिरधर तिचा धाकटा भाऊ. शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झाला आणि दिवाळीला चार दिवस म्हणून बऱ्हाणपूरला बहिणीकडे आला, तो अजून जायचाय. आल्या आल्या त्याने घरातल्या पाण्याच्या नासाडीची केस सोडवली. त्या यशाची खूण म्हणून मोरीमागे सिमेंटचा ओटा घातला, वर खुर्ची मांडली आणि त्या जागेला तपासकक्ष म्हणायला लागला.

आता त्याच्या हाती मोठी केस आली होती. भागाबाईची नात तृप्ती इलेक्ट्रिक गिटार वाजवते. गिटारची वायर एका काळ्या ॲम्प्लिफायरमध्ये जाते, त्याला भागाबाई पेटी म्हणते. दिवाळीपर्यंत ही पेटी विचारल्याशिवाय तोंड उघडत नव्हती. संक्रांतीनंतर स्विच टाकला की हूंऽऽ करायला लागली, आणि आता तर पोट बिघडलेल्या म्हशीसारखी सारखी घुमत होती. त्यात रविवारी चार वाजता सिंधीपुऱ्यातला अरविंद येणार. त्याची भजनमंडळी इच्छापूरला देवीपुढे गाते. यंदा त्याला सोबत गिटार हवी होती, पण फोनवर त्याने ते हूं ऐकलं होतं. घरी येऊन बघतो, म्हणाला. पेटी गप्प असेल तर तृप्ती, नाहीतर कीबोर्डवाला मोहित. तृप्ती दोन दिवस तासातासाला पेटीचा स्विच टाकून बघत होती. आणि भागाबाईने तर नात देवीपुढे वाजवणार हे अख्ख्या इतवारा मोहल्ल्यात सांगून ठेवलेलं.

रविवारी सकाळी गिरधरने पेटीला कान लावला आणि आत भुंगा अडकल्याचं जाहीर केलं. मागचं झाकण उघडलं. आत एक झुरळ निघालं, वाळून पापड झालेलं. त्याने ते कागदात गुंडाळून पुरावा म्हणून खिशात टाकलं आणि केस बंद केली. पेटी हूं म्हणाली. गिरधर म्हणाला, हा भुंग्याचा आत्मा असावा. तृप्ती रडवेल्या आवाजात म्हणाली, “दादाजी, प्लीज, सिर्फ पाच घंटे बचे हैं.”

मग शेजारच्या उखर्डूच्या पॉवरलूमवर संशय गेला. मागाचा आवाज भिंतीतून वायरीत शिरतो आणि वायरीतून पेटीत, असा गिरधरचा सिद्धांत. त्याने उखर्डूला अर्धा तास उलटतपासणी करून भंडावलं. कंटाळून उखर्डूने माग बंद केला. गल्लीत शांतता पसरली, आणि त्या शांततेत पेटीचं हूं चौथ्या घरापर्यंत ऐकू गेलं. काम थांबलंच आहे म्हणून उखर्डूही येऊन बसला. शारदाने, म्हणजे भागाबाईच्या सुनेने, त्याच्यासाठी वाढीव चहा टाकला.

तिसरा शोध सगळ्यात थोर. तृप्तीने गिटारच्या तारांवर हात ठेवला की हूं दबायचं, हात काढला की परत यायचं. गिरधर मफलर सारखा करून म्हणाला, आवाज तृप्तीला घाबरतो, म्हणजे तो तिच्या ओळखीतला आहे. तिच्या मैत्रिणींची यादी करायला त्याने कागदही मागितला. मग आवाज आपल्याला घाबरतो का हे बघायला स्वतः अनवाणी उभं राहून तारा धरल्या. हाताला झिणझिण्या आल्या तसे त्याने डोळे मिटले. “जिजी,” तो बहिणीला म्हणाला, “माझ्या अंगात काहीतरी येतंय.” शारदाने घाईघाईने उदबत्ती लावली.

तीन वाजले होते. भागाबाई ह्या तमाशाला विटून ताक घ्यायला उठली. फ्रिजच्या दांड्याला हात लावला आणि बोटांना बारीक चिमटा बसला. तिने दुसऱ्यांदा लावला, परत चिमटा. गजानन असताना फ्रिज कधी चावला नव्हता.

गजानन तिचा नवरा, मागांचा फिटर. घर बांधलं तेव्हा त्याने मोरीमागे जमिनीत एक लोखंडी नळी पुरली होती आणि बायकोला बजावलं होतं, घरातली चुकार वीज इथून मातीत उतरते, माती वाळू द्यायची नाही, रोज आंघोळ झाली की तांब्याभर पाणी घालायचं आणि अमावस्येला मूठभर मीठ. भागाबाईने तीस वर्षं घातलं, तो गेल्यावरही घातलं. शारदा लग्न होऊन आली, सासू रोज नळीला पाणी घालते हे तिने पाहिलं, आणि विचारायचं धाडस नसल्यामुळे दुसऱ्या दिवसापासून हळदकुंकू वाहायला लागली. भागाबाईनेही कधी थांबवलं नाही. नळीच्या निमित्ताने सून लवकर उठायची.

गिरधरने दिवाळीत जी पाण्याची नासाडी पकडली, ती हीच. लोखंडाला देव मानतात, अंधश्रद्धा आहे, म्हणत त्याने नळीवर ओटा घातला. पाहुणा भाऊ म्हणून भागाबाईने तेव्हा तोंड आवरलं होतं, आणि ती गोष्ट तिला अजून सलत होती.

तिने पहार उचलली, खुर्ची बाजूला फेकली आणि ओटा फोडायला घेतला. चार घावांनंतर उखर्डूने पहार तिच्या हातातून घेतली. सिमेंट स्वस्तातलं होतं, लगेच उखडलं. खाली माती भाकरीच्या पिठासारखी कोरडी. तिने मिठाची बरणी ओतली, वर दोन बादल्या पाणी ओतलं, मग आणखी चार. मातीने सगळं गटागटा पिऊन टाकलं. आत पेटी हूं करता करता हळू झाली, आणि मग थांबली. तृप्ती दारात आली. तिने आजीचे चिखलाचे हात तसेच आपल्या ओढणीत घेतले.

अरविंद चारला आला. मोरीमागची नळी, तिच्यावर शारदाने परत वाहिलेलं कुंकू, पाणी आणि शेजारी लावलेली उदबत्ती पाहून त्याने चपला काढून आधी नमस्कार केला. मग आत बसून तृप्तीचं भजन पूर्ण ऐकलं, दोन सुरांमधली शांतताही ऐकली, आणि मंगळवारी तालमीला यायला सांगून गेला.

तोवर गिरधर खुर्ची घेऊन परत मोरीमागे आला होता. संशय आपल्याला पहिल्यापासून जमिनीवरच होता, हे तो उखर्डूला समजावत होता. भागाबाई पदराला हात पुसत त्याच्यासमोर उभी राहिली.

“गिरधर, चोर तुझ्या बुडाखाली होता, अन् त्याला पुरणाराही तूच. उद्यापासून आंघोळ झाली की तांब्याभर पाणी इथं तू घालायचं. अन् ते झुरळ खिशातून काढ, मग जेवायला बस.”