कात्रीचा अबोला आणि वीस वाक्यांची मोहीम

वह्यांचे धनी, शाईचे मानकरी, समस्त थोर मंडळींनी पुसिले की, तीन दिवसांचा अबोला कैसा मोडला, त्याची हकीकत मांडितो, हसू आवरोन परिसावी, ते येणेप्रमाणे.

मातोश्री शिवणयंत्राच्या दौलतीच्या धनीण, आणि तीर्थरूप पुस्तकबांधणीत नामांकित. तीर्थरूपांनी मातोश्रींची खाशी कापडाची कात्री बेइजाजत उचलोन पुठ्ठ्यावर चालविली. कात्रीची धार गेली ती मातोश्रींच्या जिव्हेस आली, मग तीही म्यान जाहली, आणि घरात कडेकोट अबोला बसला.

इतक्यात शाळेतून इंग्रजीच्या बाईसाहेबांचे फर्मान सुटले की, नववीच्या प्रत्येकीने घरच्या खऱ्या बोलण्यातून दहा वाक्ये 'अमुक म्हणाले की' ऐशी आणि दहा 'जर-तर'ची इंग्रजीत लिहोन उद्या हजर करावी, गाईडातली चालणार नाहीत, जिची कमी पडतील तिने वर्गापुढे कारण सांगावे. कन्या हबकली. घरात बोलणेच नाही, तर लिहावे काय? आणि ते कारण चारचौघींत कोण्या तोंडे सांगावे?

मग कन्येने वही बगलेत मारोन वकिली पत्करिली. तीर्थरूपांनी कळविले की, दोष कात्रीचा नव्हे, पुठ्ठाच कडक होता. मातोश्रींनी कळविले की, पुठ्ठ्याहून कडक एक डोके घरात नांदते. तीर्थरूपांनी कळविले की, जर चहा मिळता तर चूक आठवती. मातोश्रींनी कळविले की, जर पहिल्याच वर्षी कात्री कुलपात ठेविली असती, तर आज गिऱ्हाइकांचे ब्लाउज अडले नसते. खोडरबराचा भुगा उडाला, आणि स्वयंपाकघर ते बैठक स्वाऱ्या करिता करिता एकोणीस वाक्ये पदरी पडली.

विसाव्या वाक्यासाठी वकील बैठकीत गेली, तो तीर्थरूप चपला घालोन गायब! कन्या वही उघडी टाकोन उंबरठ्यावर वाट पाहत बसली.

घटकाभराने तीर्थरूप परतले, आणि धार लाविलेली कात्री हातरुमालात गुंडाळलेली यंत्रापाशी ठेविते जाहले. मातोश्रींनी चिंधीवर एक काप दिला. चिंधी पाण्यागत दुभंगली.

"अहो, हात धुवा. ताटं वाढलीत."

"आई गं! अजून एक राहिलं होतं माझं!" कन्या कळवळली.

"मग हेच लिही की," तीर्थरूप म्हणाले, "आणि स्पेलिंग मला विचारू नकोस."

ऐसे विसावे वाक्य ताटापाशीच लिहिले गेले, आणि मातोश्रींचे तेलाचे बोट त्यावर उमटले. दुसरे दिवशी बाईसाहेबांनी वीस वाक्ये पुरी मोजोन डागाविषयी पुसिले. कन्येने ताठ मानेने अर्ज केला की, तो डाग नव्हे, तहाचा शिक्का आहे.

मोहीम फत्ते. कात्री कुलपात.