कृपया कारण विचारू नये

संकटात डोकं थंड ठेवणारा माणूस म्हणून आमच्या कुटुंबात माझा लौकिक आहे. तो मीच पसरवलाय हे खरं, पण आजवर संकटच न आल्यामुळे तो खोडून काढायची संधी कुणाला मिळाली नव्हती. ती गेल्या महिन्यात मिळाली.

मी विमा कंपनीत दावे तपासणारा कारकून. दिवसभर लोकांच्या फुटलेल्या काचा आणि जळालेली गोदामं कागदावर बघायची आणि संध्याकाळी घरी येऊन झाडांवर लिहायचं, असा नऊ वर्षांचा नेम. ‘मातीचे हात’ हे माझ्या ब्लॉगचं नाव. बाल्कनीत काय लावावं, भिंतीला ओल आली तर काय करावं, कुंडी कधी बदलावी, असलं सगळं त्यात. वाचक चार हजार. कुणी चांगला प्रश्न विचारला की मी त्याला घरच्या बियांचं पाकीट पोस्टानं पाठवायचो, त्यावर ब्लॉगचं नाव छापलेलं. सोबत कुंडीत खोचायला पत्र्याची पट्टी, तिच्यावरही तेच नाव. ऑफिसात मला कुणी काही विचारत नाही, पण या चार हजार लोकांना पानं पिवळी पडली की आधी मी आठवतो. आयुष्यात कमावलं म्हणावं असं माझ्याकडे एवढंच आहे.

तर एका शनिवारी पोस्टमननं रजिस्टर पत्र आणलं. जाड पाकीट, वकिलाचा शिक्का! सही करताना माझा हात असा थरथरला की पोस्टमननं विचारलं, शेजारच्यांची सही चालेल का. आत तीन पानं होती. कुंड्या आणि खतं बनवणाऱ्या एका कंपनीनं दोन वर्षांपूर्वी ‘मातीचे हात’ हा ट्रेडमार्क नोंदवला होता. मी पंधरा दिवसांत ते नाव सोडावं, आणि त्या नावाची जी जी वस्तू लोकांना वाटली असेल ती परत घेऊन नष्ट करावी, अन्यथा. अन्यथाच्या पुढे अर्धं पान होतं, ते मी अजूनही वाचलेलं नाही.

माझं धाबं दणाणलं. मी पत्र आधी पुस्तकाखाली ठेवलं, मग गादीखाली, मग तांदळाच्या डब्यात. ते तासाभरात हिच्या हाती लागलं, कारण तांदूळ ही काढते, मी नाही.

हिनं उभ्या उभ्या तिन्ही पानं वाचली. अर्धं पानसुद्धा! आणि शांतपणे म्हणाली, “तुमचं नाव नऊ वर्षांचं, त्यांचं दोन वर्षांचं. मग घाम तुम्हाला का फुटलाय?”

मी तिला समजावलं की कायद्याच्या गोष्टी इतक्या सोप्या नसतात. मग त्या किती अवघड असतात हे विचारायला मी तळमजल्यावरच्या वकिलांकडे गेलो. त्यांची उभी हयात घरमालक आणि भाडेकरूंच्या भांडणांत गेलेली. त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, वापर आधीचा तुमचा आहे, लढलात तर जिंकाल, चार-पाच वर्षं लागतील. दोन, लढायचं नसेल तर नाव गुपचूप सोडा, पण वादाबद्दल कुठेही एक अक्षर लिहू नका आणि बोलू नका. एक शब्द निसटला तरी ते पकडतील. पहिली गोष्ट मी चार-पाच वर्षं या शब्दांपाशीच ऐकायची थांबवली. दुसरी मात्र मनावर कोरून घेतली.

नवं नाव शोधताना तर मला प्रत्येक शब्दामागे एक वकील दबा धरून बसलेला दिसायला लागला. हिरवाई घेतलेली, पालवी घेतलेली, अंकुर तर सात जणांनी घेतलेला. एकेचाळीस नावं खोडल्यावर मी असं नाव काढलं की जे जगात कुणीही स्वतःहून घेणार नाही. ‘घर व बाग यांविषयी काही माहिती’. हिनं ते वाचलं आणि ती भाजी चिरायला गेली.

मग मी सगळ्या चार हजार वाचकांना सूचना पाठवली. ती मला पाठच आहे. ‘तातडीची सूचना. गेल्या नऊ वर्षांत आमच्याकडून मिळालेली बियाणं, रोपं, पाकिटं व पट्ट्या वापरणं त्वरित थांबवावं. वस्तू नष्ट कराव्यात किंवा आमच्या पत्त्यावर आणून द्याव्यात. यापुढे आम्ही जुनं नाव वापरणार नाही. कृपया कारण विचारू नये.’ वादाचा एक शब्द नाही! वकिलांनी वाचलं असतं तर पाठ थोपटली असती. त्या दिवशी मी दुपारी गाढ झोपलो.

साडेचारला फोन वाजला. वाचकांमधल्या सगळ्यांत जुन्या, एक निवृत्त मुख्याध्यापिका. आवाज नेहमीसारखाच खणखणीत, पण जरा हळू.

“तुमच्या बियांचे टोमॅटो आम्ही तीन वर्षं खातोय,” त्या म्हणाल्या. “मिस्टरांना सांगितलेलं नाही अजून. मला खरं सांगा, किती धोका आहे?”

काही नाही हो, नुसतं नावाचं भांडण आहे, हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. पण एक शब्द निसटला तर!

“बाई, मला त्यावर काही बोलता येणार नाही,” मी म्हणालो. “वकिलांनी मनाई केलीय.”

मग त्यांनी माझे आभार मानले, आजवर केलेल्या मदतीबद्दल आणि प्रामाणिकपणाबद्दल, आणि फोन ठेवला. त्या संध्याकाळी मला असे सदतीस फोन आले आणि सदतीस जणांना मी तेच एक वाक्य ऐकवलं.

दुसऱ्या दिवसापासून लोक यायला लागले. आमच्या जिन्यात कुंड्यांची रांग लागली. एक बाई रबरी हातमोजे घालून, तोंडाला फडकं बांधून आल्या आणि मिरचीचं रोप चिमट्यानं धरून दारात ठेवून गेल्या. एका औषधदुकानदारानं बिया काचेच्या बरणीत भरून, झाकण मेणानं बंद करून, वर लाल शाईनं फुली मारून पाठवल्या. सोसायटीच्या सेक्रेटरींनी आमच्या मजल्याला दोरी बांधली. लोक मला बघून बाजूला सरकायचे, आणि मी त्यांना बघून. ब्लॉगवर तर जो तो डॉक्टर झाला होता. कुणाला पुरळ आलं होतं, कुणाचे केस गळत होते, एकाचं मांजर दोन दिवस गप्प होतं. प्रत्येक लक्षण वाचताना मला ते स्वतःला जाणवायचं. गंमत म्हणजे बियांमध्ये काही नाही हे सगळ्या जगात मलाच पक्कं ठाऊक होतं, तरी मी दोन दिवस टोमॅटो खाल्ला नाही.

तिसऱ्या दिवशी ताईचा फोन आला. माझी थोरली बहीण. भावजी गेले त्या वर्षी मी तिच्या अंगणात लिंबाचं झाड लावून दिलं होतं. माणूस बोलावून तिनं ते मुळापासून काढलं होतं.

“तू लिहिलंस नष्ट करा, म्हणून केलं,” ती म्हणाली. “तू उगाच लिहिणार नाहीस.”

मला रडू आलं. भीतीनं नव्हे, शरमेनं. ताईला तरी खरं सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

दारात कृषी खात्याच्या निरीक्षक बाई, मागे दोन मदतनीस, हातात नमुन्यांच्या पिशव्या. माझी तर बोबडीच वळली. ताईला नंतर बोलतो म्हणून मी फोन ठेवला. बाईंनी खुर्ची ओढून फॉर्म काढला आणि विचारलं, रोग कोणता. मी म्हटलं, सांगता येत नाही. त्यांनी लिहिलं, रोग अज्ञात. पहिलं लक्षण कधी दिसलं? मी म्हटलं, शनिवारी. कुठे? माझ्या हाताला कंप सुटला. बाईंनी खुर्ची दोन फूट मागे घेतली आणि लिहिलं, माणसांतही आढळतो.

तेव्हा ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. ते पत्र तिनं बाईंच्या फॉर्मवर ठेवलं आणि म्हणाली, “हा रोग. याला भित्रेपणा म्हणतात. माझ्या घरी बावीस वर्षं आहे, मला अजून लागण झालेली नाही.”

बाईंनी पत्र वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पत्र वाचलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की वाचकांच्या तक्रारींवरून केलेला त्यांचा पहिला अहवाल सकाळीच वर गेलाय आणि उद्या वर्तमानपत्रात छापून येईल, दुरुस्ती आठवड्यानं येते. आणि ती आली. अहवाल पहिल्या पानावर आला होता, ‘मातीचे हात’ बियाण्यांपासून सावध राहा! दुरुस्ती सातव्या पानावर, हरवलेल्या चष्म्याच्या जाहिरातीखाली.

आता जरा विचार करा. ‘मातीचे हात’ या नावानं बाजारात खत कोण विकत होतं? मी नाही. दुकानदारांनी त्या कंपनीच्या गोण्या परत पाठवायला सुरुवात केली. हे मला कळलं तेव्हा माझ्या पाचावर धारण बसली. नाव चोरलं एवढाच गुन्हा होता, आता त्या नावाची मातीही केली होती. ही सोडवणार नव्हती, वकील गावाला गेले होते. मी तुरुंगात कोणते कपडे लागतात याची मनातल्या मनात यादी करायला लागलो.

आणि रजिस्टर पत्र आलं. तेच जाड पाकीट, तोच शिक्का. सही हिनं केली आणि पत्रही हिनंच फोडलं. मी बाल्कनीत तोंड फिरवून उभा होतो.

“काय लिहिलंय?” मी विचारलं.

“भीक नको पण कुत्रा आवर, असं लिहिलंय,” ती म्हणाली. “जरा सभ्य भाषेत.”

कंपनीनं ‘मातीचे हात’ हे नाव कायमचं सोडलं होतं. यापुढे मी ते खुशाल वापरावं, त्यांची काहीही हरकत नाही. उलट वापरलंच तर उपकार होतील. फक्त त्यांचा माझ्याशी कधीही संबंध नव्हता, एवढं ठळक अक्षरांत लिहावं. म्हणजे मी न लढता जिंकलो होतो! मी हिच्याकडे विजयी नजरेनं पाहिलं. ती म्हणाली, आधी ताईंना फोन करा.

केला. ताईनं सगळं ऐकून घेतलं आणि मग ती म्हणाली की नवं रोप घेऊन स्वतः ये, पोस्टानं पाठवू नकोस. मी रविवारी जाऊन आलो. खड्डा तिनं मलाच खणायला लावला.

त्याच संध्याकाळी मी जुनं नाव परत लावलं आणि सगळ्या वाचकांना खरं काय ते लिहिलं. नोटीस, वकील, माझी भीती, काहीही लपवलं नाही. बियाणं निर्धोक आहे, रोग वगैरे काही नव्हता, झालेल्या मनस्तापाबद्दल मनापासून क्षमस्व, अशी चार पानं. आयुष्यात इतकं निर्भयपणे मी कधी काही लिहिलं नव्हतं.

दहा मिनिटांत मुख्याध्यापिकाबाईंचा फोन.

“पत्र वाचलं,” त्या म्हणाल्या. “कारण सांगितलं नव्हतंत, तेव्हा माझा विश्वास बसला होता. आता चार पानं कारणं देताय, म्हणजे प्रकरण फारच गंभीर दिसतंय. तुमच्याकडून हे कुणी लिहवून घेतंय का? बोलता येत नसेल तर नुसतं खोका.”

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि घाबरून मला ठसका लागला.