अकरा नंबरच्या चाव्या

केळुसकरकाका घरफोडी करणार आहेत, असं आमच्या इमारतीला जवळजवळ दोन महिने वाटत होतं. तसं वाटण्यात इमारतीची काही चूक नव्हती. साठी उलटलेला गृहस्थ हातात वही घेऊन दारोदार फिरतो आणि विचारतो, "बाहेर जाताना घराची चावी कोणाकडे ठेवता?" आता यावर माणसाने काय समजायचं?

बरं, "असते कोणाकडे तरी" म्हणून सुटकाही नाही. काकांचं पेन हवेत थांबायचं. "मोघम नको. नाव सांगा."

गोष्ट नव्वदीच्या सुरुवातीची, ठाण्याच्या वर्तकनगरमधली. सोळा घरांची आमची इमारत, दुसऱ्या मजल्यावर बारा नंबरला आम्ही आणि समोर अकराला केळुसकर. काका एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. सगळं आयुष्य यंत्रांची ड्रॉइंग काढण्यात गेलेलं, त्यामुळे 'मोघम' हा शब्द ते शिवीसारखा वापरत. भाजीवाला "ताजी आहे" म्हणाला तरी "किती वाजता तोडलेली? मोघम नको" असं विचारत. ते रिटायर झाले आणि वर्षभरात काकू गेल्या. त्यानंतर काका दिवसभर घरात काय करायचे, हे आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही विचारलंही नव्हतं.

मग एक दिवस त्यांनी नाक्यावरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये नाव घातलं. तिथे चपला बाहेर काढून आत जायचं, कारण मशीनला धूळ चालत नाही. बाकीची सगळी मुलं नोकरीसाठी शिकायला आलेली. शिकवणारी मेघना बावीस वर्षांची. तिने विचारलं, "काका, तुम्हाला कशासाठी शिकायचंय?" काका म्हणाले, "यंत्रांची ड्रॉइंग खूप काढली. आता माणसांचं काढायचंय."

ते ड्रॉइंग म्हणजे आमची इमारत. प्रत्येक घराचं एक वर्तुळ, आणि चावी ज्या घरी जाते तिकडे एक बाण. कोण कोणाशी गोड बोलतं ते बघून काही कळत नाही, घर उघडं कोणाच्या हाती देतो ते बघा, असं काकांचं म्हणणं. शास्त्र म्हणून हे मला तेव्हा शुद्ध वेडेपणा वाटलं. पण निकाल मजेदार होते. आमचे चेअरमन आणि सेक्रेटरी पाण्याच्या टाकीवरून दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, आणि चेअरमनची चावी सेक्रेटरींच्याच घरी. चेअरमन लाल होऊन वर आले. "केळुसकर, तो बाण खोडा."

"खोडतो की. आधी चावी परत आणा."

चेअरमन खाली गेले. चावी जिथे होती तिथेच राहिली.

सगळ्यात जास्त बाण तळमजल्यावरच्या भोईरवहिनींकडे. नऊ. वहिनी इथल्या मूळच्या, त्यांच्या घरच्यांची इथे शेती होती. काकांची वही बघून त्या हसायला लागल्या. "आवो काका, यान लिवाचा काय? जवल दिसल त्येचे हातान चावी देवाची नि जावाचा."

त्या नवांत आमचीही एक होती. काकांनी मला विचारलं तेव्हा मी सांगून टाकलं, भोईरवहिनींकडे. त्यांनी लिहून घेतलं, "दोन जिने, चाळीस पायऱ्या." मग चार पावलं चालून ते स्वतःच्या घरात गेले. मला जरा कसंतरी झालं, पण ऑफिसला उशीर होत होता.

मग या बाणांचा हिशोब मांडायला काकांनी क्लासमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम अडला. घरात येणाऱ्या चाव्यांना घरातून जाणाऱ्या चाव्यांनी भागायचं, असं काकांचं गणित. मशीन एक ते दहा नंबरची घरं धडाधड छापायचं आणि अकराला थांबायचं. डिव्हिजन बाय झीरो. शून्याने भागता येत नाही, आणि अकरातून चावी कुठेच जात नव्हती. त्यामुळे आमचं बारा नंबर कधी छापलंच जाईना. क्लासचं सर्टिफिकेट मिळवायचं तर सोमवारी प्रोग्रॅम चालवून दाखवायचा होता.

रविवारी काकांनी मला तो अर्धवट कागद बघायला घरी बोलावलं. मी म्हटलं, "एक घर गाळून टाका ना काका. पंधरा काय कमी आहेत?"

"मेघनाही तेच म्हणाली," काका म्हणाले. "मग मी काय या इमारतीत राहत नाही?"

मी कागद टेबलावर ठेवायला वळले आणि दाराशेजारची फळी दिसली. तिच्यावर पाच खिळे, प्रत्येकाखाली ड्रॉइंगच्या सुरेख अक्षरांत घराचा नंबर. काकू दिवसभर घरी असायच्या, तेव्हा चाव्या इथे असायच्या. पाचवा खिळा बारा नंबरचा. काकूंच्या तेराव्याला जेवून निघताना मी आमची चावी काढून घेतली होती. "तुम्हाला कशाला त्रास," असंही वर म्हणाले होते. बाकीच्या चौघांनी काय सांगून नेल्या कोण जाणे. सरळ सांगते, मला लाज वाटली. चाव्या गेल्या कुठे, हे शोधायला हा माणूस साठीत कॉम्प्युटर शिकत होता.

सोमवारी सकाळी बेल वाजली. दारात काका, इस्त्रीचा शर्ट, हातात फ्लॉपीचं पाकीट. त्यांच्या घराला कुलूप.

"चावी ठेवाल का, सुनंदाताई?" त्यांनी घसा खाकरला. "वहीत नोंद काल रात्रीच केली. ती खरी करायला आलोय."

मी चावी घेतली. मग आत जाऊन आमची जोडचावी आणली. "आणि ही तुमच्या फळीवर."

काकांनी ती उलटसुलट करून बघितली. "मग मला माझी चावी परत द्यावी लागेल," ते म्हणाले. "खिळा आत आहे."

मी दिली. त्यांनी कुलूप काढलं, आत गेले. एक चावी अडकवायला लागतो त्याहून बराच जास्त वेळ लागला. बाहेर आले, कुलूप लावलं, तीनदा ओढून बघितलं आणि चावी पुन्हा माझ्या हातात दिली.

"परत कधी न्याल?" मी विचारलं.

काका दोन पायऱ्या उतरून थांबले. आता मिनिटांसकट वेळ ऐकायला मिळणार म्हणून मी उंबऱ्यात उभी राहिले.

"येईन," ते म्हणाले, "संध्याकाळी कधीतरी."