सोयरिकीचं खरबूज

माझ्या जिभेचं कौतुक मी स्वतः करू नये, हे मला कळतं. पण दुसरं कोणी करतच नाही, मग मी काय करू? तुम्हीच सांगा, आमच्या अख्ख्या खोरेझम प्रांतात दुसरा कोण आहे जो उकडलेला कांदा खाऊन "वा, काय गोड आहे!" म्हणेल? मी म्हणतो. मी, मतनझर!

ही जीभ काही जन्मजात नव्हे. पूर्वी माझ्या चहाच्या पेल्यात खडीसाखर इतकी असायची की चहाला आत शिरायला जागा मिळत नसे. मग डॉक्टरीणबाईंनी दम भरला आणि कापूस वेचणीच्या दिवसांपासून माझी साखर बंद! आधी आधी चहा म्हणजे गवताचं पाणी लागायचा आणि रोटी म्हणजे पुठ्ठा. रडकुंडीला आलो होतो. आणि मग एके दिवशी जीभ जागी झाली. दूध गोड, गाजर गोड, कोरडी रोटीसुद्धा गोड!

"जुम्राद, रश्श्यात साखर घातलीस काय ग?" मी बायकोला विचारलं.

"गाजर घातलंय! मुकाट्यानं जेवा."

तर अशा तयार जिभेच्या माणसाच्या घरी, ऐन थंडीत, मुलीला मागणी घालायला पाहुणे येणार होते. आमची इंतिझार आणि पलीकडच्या मोहल्ल्यातला रजब यांचं आपापसात केव्हाच जमलेलं. आता रजबकडच्या बायका येणार, चहा पिणार, आणि दोन्ही घरांनी मिळून एक रोटी मोडली की सोयरीक पक्की. 

"बाबा," इंतिझार म्हणाली, "आज तुम्ही काहीही करू नका. नुसते बसा. माझ्यासाठी एवढंच करा."

"वेडी की काय! मुलीचा बाप हातावर हात ठेवून बसेल? खरबूज मी निवडणार!"

हिवाळ्यासाठी राखलेली खरबुजं आमच्या मागच्या खोलीत लव्हाळ्याच्या जाळ्यांत टांगलेली असतात. मी एकेकाला टिचकी मारली, कान लावला, हुंगलं, आणि एक उतरवून फाक कापली. अहाहा! मध! माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो!

इंतिझारनं चव घेतली. ती तेव्हा बेहीच्या फळांचा मुरंबा बशीत काढत होती आणि बोटं चाटत होती.

"बाबा, सपक आहे."

"आनंदाच्या भरात तुझी जीभ ठिकाणावर नाही," मी म्हणालो, आणि खरबूज तेच ठेवलं.

पाहुणे आले. सगळ्यांत पुढं रजबच्या बिकाजान आत्या. ही बाई दारातल्या जोड्यांची तोंडं कुठं वळलीत त्यावरूनसुद्धा अर्थ काढते! मागोमाग रजबची आई, गरीब बिचारी, आणि शेवटी काठी टेकत रजबची आजी.

जुम्रादनं दस्तरखान असा मांडला होता की कापड दिसत नव्हतं. हलवा, खडीसाखर, बेदाणे, पिठात घोळलेल्या साखरेच्या गोळ्या, मुरंबा! आत्यांनी हलव्यापासून सुरुवात केली आणि गोळ्यांवर मुक्काम ठोकला. आजीला मात्र दातच नव्हते. गोळी फुटेना, हलवा हिरड्यांना चिकटे. ती आपली कोरा हिरवा चहा घेऊन कोपऱ्यात बसली. तिच्याकडे कोणाचं लक्षही नव्हतं.

मग मी खरबूज आणलं. मोठ्या दिमाखात आणलं! आधी आजीपुढं ताट भरून ठेवलं, मग आत्यांपुढं. आत्यांनी फाक तोंडात टाकली आणि त्यांचा जबडा मध्येच थांबला.

"मतनझरभाऊ, हे खरबूज आहे की काकडी?"

"काकडी? अहो मध आहे, मध!"

"मधाचं दुसऱ्या पाहुण्यांसाठी राखून ठेवलं असेल," आत्या रजबच्या आईकडे वळल्या. "समजलीस ना वहिनी? मुलगी द्यायची नाही, पण तोंडानं सांगायचं नाही. म्हणून काकडी!"

रजबच्या आईचा चेहरा पडला. पडद्याआडून इंतिझारचा हुंदका ऐकू आला. आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला!

"अहो ताई, दोष खरबुजाचा नाही, तुमच्या तोंडाचा आहे!" मी ओरडलो. "तोंडात हलवा असताना खरबूज कसं गोड लागेल? थांबा, आधी हे सगळं गोड उचलू, तुम्ही चुळा भरा, मग बघा!"

आणि मी उचलायला लागलो! हलवा उचलला, गोळ्या उचलल्या, मुरंब्याची बशी तर आत्यांच्या हातातून ओढून घेतली, चमचा त्यांच्याकडेच राहिला.

"अहो! अहो, काय करताय!" जुम्राद किंचाळली.

आमच्याकडे पाहुणा बसलेला असताना त्याच्यापुढचं गोड उचलणं म्हणजे "उठा आणि चालू लागा" असं म्हणणं. त्यातून मागणी घालायला आलेल्या बायकांपुढचं! हे काय मला ठाऊक नव्हतं? पण तेव्हा माझ्या अंगात शास्त्रज्ञ संचारला होता.

"ऊठ ग वहिनी!" आत्या चमच्यासकट उभ्या राहिल्या. "अशा घराची पायरी चढलो हेच चुकलं!" दारात जाऊन जोडे चढवायलाही लागल्या.

इंतिझार पडदा सारून बाहेर आली. डोळे लाल. "बाबा, नुसते बसा म्हटलं होतं ना मी? एवढंच म्हटलं होतं!"

पोरीचं लग्न मी एका फाकेपायी घालवलं होतं. हातात हलव्याचं ताट घेऊन मी नुसता उभा राहिलो.

"आई, चल!" आत्या दारातून ओरडल्या.

आजी हलली नाही. हनुवटीवरून रस ओघळत होता आणि पुढ्यात सालींचा ढीग झाला होता.

"मी नाही येत," आजी म्हणाली. "काय गोड आहे ग हे! मी नवी नवरी होते तेव्हा तुझ्या बापानं चोरून एक आणलं होतं. त्याच्यानंतर हे आजच."

"आई, ते फिकं आहे!"

"आल्यापासून मूठमूठ गोळ्या चघळते आहेस, तुला आता साखरसुद्धा फिकी लागेल! काढ ते जोडे. मला याच घरची पोरगी हवी. आणा ग रोटी!"

आजीपुढं कोणाची टाप! रोटी आली, मोडली, जुम्राद रडली, इंतिझार रडता रडता हसली. मीही रडलो, का लपवू? मग तोंडं गोड करणं सुरू झालं. आजीनं स्वतःच्या हातानं मला हलवा भरवला. विहीणबाईंनी मुरंबा भरवला. आत्यांनी तर सूड घ्यावा तसा खडीसाखरेचा खडा गालात कोंबला. डॉक्टरीणबाईंची आठवण झाली, पण आज कसली डॉक्टरीण!

आनंदाच्या भरात मी ताटातली उरलेली फाक उचलली आणि मोठा घास घेतला.

"जुम्राद!" मी ओरडलो. "ही काकडी कोणी आणली?"

आत्यांनी शांतपणे जवळचा चमचा दस्तरखानवर ठेवला.

"मी मघापासून काय सांगत होते?"

लग्न थाटात झालं. बिकाजान आत्यांचं आणि माझं त्यानंतर कशावरच पटलेलं नाही, पण त्या खरबुजाबद्दल आमचं दोघांचं पक्कं एकमत आहे. जिभेचा विषय मी हल्ली घरात काढत नाही. म्हणून तर तुमच्यापाशी काढला!