भिंतीवरचं जेवण

मिरजेच्या तनुजा बागवडेने काढलेले फोटो भिंतीवर टांगल्यावर पुढे चालू राहतात. ती कुणाला ओळीत उभं करत नाही की हसा म्हणत नाही; दिवसभर घरात वावरते आणि माणसं आपापल्या कामात असताना फोटो घेते. पोज देऊन उभी राहिलेली माणसं जन्मभर तशीच उभी राहतात. कामात सापडलेली मात्र हातातलं काम पुरं करतात आणि पुढचं घेतात. दुपारी मंडळी झोपायला गेली, चौकट रिकामी पडली, अशी तक्रार अधूनमधून येते. तनुजा सांगते, चहाला येतील.

दिनकरराव पारगावकर पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा एकुलता एक मुलगा निनाद नोकरीसाठी इंदूरला निघाला होता, म्हणून त्यांच्या बायकोने, कुमुदताईंनी, तनुजाला बोलावलं. बापलेकांचा दोन वर्षं अबोला होता. निनादने न विचारता जुनी स्कूटर भंगारात काढली, एवढंच कारण. "तुझ्या मुलाला सांग, पंखा बंद कर," असा सगळा कारभार कुमुदताईंमार्फत चाले. तो असाच न बोलता गेला तर काय, या काळजीने त्या माउलीची झोप उडाली होती.

फोटो जेवतानाचा निघाला. दिनकररावांचा हात लोणच्याच्या बरणीकडे गेलेला, समोर निनाद, शेजारी कुमुदताई. हॉलमध्ये फोटो लागला आणि दुसऱ्या दिवशी बघतात तर काय, फोटोतल्या दिनकररावांनी बरणी चक्क निनादपुढे सरकवलेली! संध्याकाळी दोघं कॅरम खेळत होते, आणि एकमेकांना टाळ्या देऊन हसत होते. खरे दिनकरराव जळफळले. आपलाच बनियन घातलेला माणूस आपल्याच मुलाबरोबर मजा मारतोय, आणि आपण इथे कोरडे. वाईटही वाटलं, नाही कसं?

ते तडक तनुजाकडे गेले. फोटोतल्या इसमाने परस्पर समेट केला आहे, त्याला आपली संमती नव्हती, सबब तो रद्द करावा, असं त्यांनी सांगितलं. रद्द होईल, तनुजा म्हणाली. तिघं ओळीत उभे राहा, कॅमेऱ्याकडे बघा, मग कुणी हलणार नाही.

"पण मी समेट सुरू केलाच नव्हता," दिनकरराव म्हणाले. "मला लोणचं हवं होतं."

"काका, फोटो पदरचं काही घालत नाही. सुरू झालेलं तेवढंच पुढे नेतो. तुमच्या पानात लोणचं आधीच वाढलेलं होतं, मी बघितलं ना."

दिनकरराव चपला घालून निघाले.

घरी निनाद हॉलमध्ये बॅग भरत होता. दिनकरराव स्वयंपाकघरातून बरणी घेऊन आले.

"लोणचं नेतोस?"

निनादने हातातला शर्ट खाली ठेवला.

"गळेल ना, बाबा."

"फडकं बांधून देतो."

आत कुमुदताईंची फोडणी करपली, पण त्यांनी गॅसला हात लावला नाही. निनादने बरणी धरली, दिनकररावांनी फडकं आवळलं. डोळे भरून आल्यामुळे पहिली गाठ काही नीट बसली नाही.

भिंतीवर रात्रीची पानं वाढलेली होती. तिथले तिघंही घास हातात धरून इकडेच बघत बसले होते.

"जेवा तुम्ही," दिनकरराव त्यांना म्हणाले, आणि दुसरी गाठ मारायला घेतली.