नोटेचा धागा

टेकचंदनं लेकीच्या, रेणूच्या हातातली पाचशेची नोट काढून घेतली, तेव्हा मुलाकडच्यांची गाडी आंधळगावच्या बाहेरही गेली नसेल. मुलगी पाहून झाली की हातावर नोट ठेवायची रीत. ती मुलाच्या वडिलांनी, लक्ष्मणरावांनी ठेवली होती. माणूस भला, जवाहरनगरच्या फॅक्टरीतून नुकताच निवृत्त झालेला. मुलगा अंकुरही चांगल्या नोकरीत. पण मागच्याच बाजारात कोणीतरी खोटी नोट देऊन टेकचंदला चुना लावला होता. तेव्हापासून बिचाऱ्याचा कोणावर म्हणून विश्वास उरला नव्हता.

त्यानं नोट उजेडात धरली. गांधीजी दिसले. तिरपी केली, तर हिरवा धागा निळाही झाला. शहाणा माणूस इथंच थांबला असता. पण टेकचंद पडला कोसा रेशमाच्या साड्यांचा व्यापारी! कोसा खरा की भेसळीचा, हे तो धागा जाळून सांगायचा. जळक्या केसांचा वास आला तर खरा, गोळी झाली तर प्लास्टिक.

"अजी, हे काय करून राहिले?" त्याची बायको दुर्गाबाई ओरडली.

"चूप राय! धाग्याची पारख मले नको शिकवू."

सुईनं उकरून त्यानं नोटेतला धागा ओढला आणि काडी लावली. धागा आक्रसला, काळी गोळी झाली.

"प्लास्टिक! पोरीच्या हातावर खोटी नोट ठेवतेत हे लोक!"

"माह्या भावाले तं विचारा आधी. बँकेत हाय ना प्रफुल्ल!"

पण फोन कानाला लागलाही होता. "लक्ष्मणराव, जमत नाही आपलं."

"काहून गा? पोरीत तं आमाले काही कमी दिसली नाही."

"कमी तुमच्या नोटेत हाय. खोटी हाय ते!"

"एटीएममधून काढली होती, बापा," लक्ष्मणराव हळूच म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी प्रफुल्ल आला आणि त्यानं कपाळावर हात मारला. "भाऊजी, खऱ्या नोटेतला धागा प्लास्टिकचाच रायते!"

टेकचंदनं गल्ल्यातली नोट आणून जाळून पाहिली. गोळी. मग प्रफुल्लनं बँकेतून आणलेली. तीही गोळी.

"अजून एक जाळू का?"

"जाळा. पैसे तुमचेच जाऊन राहिले."

तोंड दाखवायची लाज वाटून टेकचंदनं पंधरवडा घालवला, मग दुकानातली सगळ्यात चांगली साडी घेऊन जवाहरनगरला गेला. लक्ष्मणरावांनी चहा पाजला, साडीला मात्र हात लावला नाही.

"अंकुरचं तुमसरच्या पोरीसंग पक्कं झालं," ते म्हणाले. "राग नाही, टेकचंदभाऊ. पण गाडीत चार पाहुणे होते, तुमचा फोनवरचा आवाज साऱ्यांले आयकू आला. त्यांच्यादेखत मी चोर ठरलो."

टेकचंद घरी आला. रेणू पोळ्या करत होती.

"चुकलंच माहं, पोरी," तो म्हणाला. "तुले पसंत होता का गं तो?"

"होता."

"मंग तवाच काहून नाही सांगितलं?"

रेणूनं पोळी उलटली. "मले कोणी विचारलं, बाबा? तुमी तं नोट पाहून राहिले होते."