हवालदारांचा अक्लमटाईज

फौजेतून निवृत्त झालेल्या दादू हवालदारांच्या घरात जो कोणी नवा जीव येई, मग तो माणूस असो की म्हैस, त्याने पहिले सहा दिवस कामाला लागायचे नाही, असा कायदा होता. कायद्याचे नाव 'अक्लमटाईज'.

मी त्या कायद्यात सापडले ती नव्वदनंतरच्या एका जूनमध्ये. कोरेगावजवळच्या त्या गावी हायस्कूलवर इंग्रजी शिकवायला माझी नेमणूक झाली. सांगलीहून आले, हवालदारांच्या घरातली पुढची खोली भाड्याने घेतली, ट्रंक ठेवली आणि शाळेकडे निघाले, तर दारात हवालदार उभे. पांढऱ्या मिशा, अंगात बंडी, पायात मिलिटरीचे बूट.

"कुटं निगाला, बाई?"

"शाळेत. आजच हजर व्हायचंय."

"आज न्हाई. पयले दोन दिस पडून ऱ्हायाचं. तिसऱ्या-चौथ्या दिशी सपाटीवर चालायचं. पाचव्या-सहाव्या दिशी चढ. मग ड्यूटी. आवं, बर्फात चांगली तगडी पोरं या नेमानं वर नेत्यात. घाई केली का फुप्फुसात पानी!"

"काका, मी सांगलीहून आलेय."

"मग? सांगलीपक्षा उंची वाढली का न्हाई?"

वाढली असणारच, थोडीफार. मी हट्टाने निघाले, तर हवालदारही बरोबर आले. हेडमास्तरांपुढे टाच आपटून म्हणाले, "बाईंना हप्ताभर सपाटीवरचे वर्ग द्या." शाळेला एकच माडी होती. माडीवरची नववी आठवडाभर ड्रॉइंगच्या सरांनी सांभाळली.

मी इंग्रजी शिकवते हे कळल्यावर हवालदार मला रोज संध्याकाळी ओट्यावर इंग्रजी शिकवू लागले.

"ॲडजस्ट म्हंजे बूड सरकवायचं. यष्टीत चौथा मानूस आला का करतो ते. ॲडॅप्ट म्हंजे सवय लागनं. ते कुत्र्यालाबी जमतंय. पर अक्लमटाईज..." इथे त्यांचा आवाज आदराने खाली येई. "अक्लमटाईज म्हंजे आतनं, रगतानं कबूल करनं. तितं हुकूम चालत न्हाई. येळच द्यावा लागतो."

मी शब्दकोश काढून पाहिला. इतका चांगला अर्थ त्यात नव्हता. पुढे वर्गात मी हेच तीन अर्थ सांगत राहिले, फक्त बूड तेवढे गाळून.

म्हसवडच्या बाजारातून त्यांनी म्हैस आणली, तिलाही हाच नेम. दोन दिवस दावणीला. तिसऱ्या दिवशी अंगणात दोन फेऱ्या. पाचव्या दिवशी म्हशीने दावे तोडले आणि ती थेट टेकाडावर जाऊन उभी राहिली. सगळी आळी तिच्यामागे धावली. हवालदार मात्र ओट्यावरून हलले नाहीत. "पाचव्या दिशी चढ," ते समाधानाने म्हणाले. "शानी हाय गड्या, म्हस."

त्यांची बायको अनुसयाकाकी चुलीपुढून ओरडली, "म्हशीला रजा, मास्तरनीला रजा. राबायला मी एकली मोकळी!"

मग त्यांच्या मुलाचे, बापूचे, लग्न झाले. सुनंदा लोणंदची. रेल्वेच्या रुळाशेजारी वाढलेली, त्यामुळे आगगाडीच्या आवाजाशिवाय तिला करमेना. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारावर खडूने वेळापत्रक उमटले: 'दिवस पहिला व दुसरा, संपूर्ण विश्रांती.' भावकीतल्या बायका ते बघायला येऊ लागल्या. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांनी दुसऱ्या बाईकडून वाचून घेतले आणि पदर तोंडाला लावला.

तिसऱ्या दिवशी सुनंदाच रडू लागली. "मामा, कायतरी काम द्या. बसून बसून जीव चाललाय."

"डोकं दुखतंय?"

"न्हाई."

"भूक लागती?"

"लय लागती."

"मग बेस हाय. अंगनात फेऱ्या मार."

हवालदारांची थोरली बहीण तिथेच बसली होती. तिला राहवले नाही. "दादू, सून आनलीस का जनरल? तुजी बायकू दुसऱ्या दिशी रानात भांगलाया गेली. मेली का ती?"

 हवालदार खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधू लागले. काकीने हातातले पातेले आपटले आणि ती परसात निघून गेली.

मी मागोमाग गेले. काकी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती.

"काकी, वन्संच्या बोलण्याचा राग आला?"

"खरंच बोलल्या त्या. सोळाची हुते मी. दुसऱ्या दिशी सासूनं हातात खुरपं दिलं. चौथ्या दिशी ह्यांची रजा सपली. उनात चक्कर यून पडले, तर समदी म्हनली, सोंग करती. मग वरसानं बर्फातनं ह्यांचं पत्र आलं. मला कुटं वाचाया येतंय? पोस्टमननं पारावर मोट्यानं वाचलं. 'हितं नव्या गड्याला सा दिवस देत्यात. तुला आमी येकबी दिला न्हाई. माजं चुकलं.' बायकूची माफी मागिटली म्हून गाव वरीसभर हसत हुतं."

"आणि तुम्ही?"

"मीबी हसले. चार मान्सांत दुसरं काय करनार?" तिचे हात थांबले. "ट्रंकंत हाय पत्र, आजून. त्यास्नी सांगू नका."

तेवढ्यात मागच्या दारातून हवालदार आले. हातात कपबशी, बंडीवर चहाचे डाग. स्वतः केला होता, हे उघड होते. त्यांनी काकीसमोर कपबशी ठेवली आणि बाजूला उभे राहिले. पुढचा हुकूम कोणी द्यायचा, हे कळत नसल्यासारखे.

काकीने बशीत चहा ओतला. सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्याली.

"साकर लय झालीया," ती म्हणाली आणि रिकामी कपबशी त्यांच्यापुढे धरली. "आजून हाय का?"